पुण्यात आलेले तरुण निर्वासित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंढव्यात दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण देश सोडून आलेल्या तरुण मुलामुलींना मराठी शिकवतो आणि कागदपत्रांच्या कामांत त्यांना सोबत करतो. या मुलांचे शेजारी, वर्गशिक्षक, घरमालक आणि वर्गमित्र आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणे अफगाण मुलांची आहेत, कारण आमच्याकडे तीच अधिक येतात. येमेन किंवा सुदानमधून आलेल्यांनाही यातील बराच भाग लागू पडतो. कायद्याविषयीची उत्तरे ही केवळ तोंडओळख आहे. प्रत्येकाचे कागद वेगळे असतात आणि ते वकिलाला दाखवल्याशिवाय कोणताही अर्ज करू नये.

१. शिकायला म्हणून पुण्यात आलेला मुलगा निर्वासित कसा काय असू शकतो?

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या सामाजिक गटाशी असलेले नाते यांमुळे मायदेशी आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, आणि त्यामुळे जो परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. घर सोडतानाच ही भीती असली पाहिजे, असे मात्र नाही. पुण्यातील अनेक अफगाण विद्यार्थी शिष्यवृत्तीवर किंवा स्वखर्चाने, रीतसर विद्यार्थी व्हिसा घेऊन आले होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा ते येथे वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत होते. जागचे न हलता त्यांची परिस्थिती पालटली. जे त्या वेळी टाळेबंदीमुळे किंवा सुट्टीसाठी घरी गेले होते, त्यांची अवस्था आणखी बिकट झाली, कारण भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा त्याच महिन्यात रद्द करण्यात आले.

मुलींच्या बाबतीत कारण आणखी थेट आहे. अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठे बंद आहेत. पदवी पूर्ण झाल्यावर ‘आता घरी जा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या मुलीसाठी त्याचा अर्थ ‘आता शिक्षण विसर’ असा होतो.

२. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि देशांतर्गत स्वतंत्र कायदाही नाही. निर्वासित हा कायद्याच्या नजरेत इतर कोणत्याही परदेशी नागरिकासारखाच असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याला ‘आप्रवास आणि परदेशी नागरिक अधिनियम, २०२५’ लागू आहे. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा त्याने रद्द केला.

तरीही हा माणूस पूर्णपणे उघड्यावर नाही. संविधानाचे कलम १४ आणि कलम २१ ‘व्यक्ती’विषयी बोलते, केवळ नागरिकांविषयी नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जीविताच्या संरक्षणाचा हा हक्क स्पष्टपणे मान्य केला. मात्र भारतात राहण्याचा आणि वसण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हेही न्यायालयाने २०२१ साली रोहिंग्यांविषयीच्या आदेशात नोंदवले आहे. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा उरते, तीत ही मुले मोठी होत आहेत.

तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार, येमेन, सोमालिया इत्यादी देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय करते.

३. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्ड मिळाले की सगळी कामे होतात का?

होत नाहीत, आणि हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. कार्डामुळे ‘हा माणूस आश्रय मागणारा किंवा मान्यताप्राप्त निर्वासित आहे’ हे सांगता येते आणि त्याला सक्तीने परत पाठवले जाण्याच्या शक्यतेविरुद्ध एक आधार मिळतो. परंतु ते व्हिसाची जागा घेत नाही. आधार काढताना ते चालत नाही. परदेशी नागरिकाला आधारसाठी वैध व्हिसा आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवसांचे वास्तव्य लागते.

नोंदणीपासून निर्णयापर्यंत मुलाखती होतात, त्यांसाठी पुण्याहून दिल्ली गाठावी लागते, आणि निर्णयाला महिने किंवा वर्षेही लागू शकतात. रेल्वेने एक रात्र आणि दिवस काढून जायचे, मुलाखत द्यायची, परत यायचे आणि मग दूरध्वनीची वाट पाहायची, असा हा क्रम आहे. आमच्या अनुभवात या मुलांना नवी भाषा किंवा परके जेवण जितके थकवत नाही, तितके हे वाट पाहणे थकवते. पुढच्या जूनमध्ये आपण कोठे असू हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘दहावीनंतर काय करणार?’ हा साधा प्रश्नही जड जातो. पुढील अनेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

४. माझी सदनिका निर्वासित विद्यार्थ्याला भाड्याने देणे कायदेशीर आहे का?

त्याच्याकडे वैध व्हिसा आणि पोलिसांकडील परदेशी नागरिक म्हणून नोंदणी असेल, तर आहे. भाडेकरार लेखी करून नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याशिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, आणि परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांविषयीची ऑनलाइन माहिती भरावी लागते. सगळे तिला अजून ‘सी फॉर्म’ म्हणूनच ओळखतात. हे काम किचकट नाही. ते टाळले तर मात्र त्रास घरमालकाला होतो आणि त्याहून अधिक त्या मुलाला होतो, कारण पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच्या व्हिसाची पुढची मुदतवाढ अडकते.

अकरा महिन्यांचा करार संपताना नूतनीकरण करणार की नाही, हे कृपया दोन महिने आधी सांगावे. आमच्या ओळखीच्या एका मुलाला सोसायटीच्या बैठकीनंतर आठ दिवसांत खोली सोडावी लागली. त्याची परीक्षा त्याच आठवड्यात होती. नकार द्यायचाच असेल तर तोही वेळेवर द्यावा.

५. दाखला नाही, गुणपत्रिका नाही. मग शाळेत प्रवेश कसा मिळणार?

मूल ६ ते १४ वर्षांचे असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ त्याच्या बाजूने आहे. हा कायदा ‘प्रत्येक बालक’ असे म्हणतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश लांबवताही येत नाही. कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला खास प्रशिक्षण द्यायचे, अशी तरतूद आहे. मुख्याध्यापकांना हे कलम कागदावर दाखवले की बहुतेक वेळा मार्ग निघतो. अडचण हेतूची क्वचित असते. संगणकातील अर्ज आधार क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही, तेव्हा काय करायचे हे लिपिकाला कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी विचारणा करावी.

१४ वर्षांपुढील मुलांसाठी हे संरक्षण नाही, आणि बहुतेक तरुण नेमके याच वयाचे असतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा मार्ग उपयोगी पडतो. तेथे दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ आहे, आणि कमाल वयाची अट नाही. मध्ये दोन-तीन वर्षे शाळा सुटलेल्या मुलाला, आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसण्याचा संकोच न बाळगता, एकेक विषय पुरा करता येतो. ज्यांच्याकडे मायदेशीची बारावीची प्रमाणपत्रे आहेत, त्यांनी महाविद्यालयीन प्रवेशाआधी समकक्षता प्रमाणपत्राची चौकशी करावी.

६. आमच्या वर्गातील तीन अफगाण मुलांची जन्मतारीख १ जानेवारीच आहे. कागद खोटे आहेत का?

हा प्रश्न आम्हांला शिक्षकांकडून सर्वांत जास्त वेळा येतो. कागद खोटे नाहीत. ‘तजकिरा’ या जुन्या अफगाण ओळखपत्रावर पुष्कळदा पूर्ण जन्मतारीख नसते. अमुक साली वय अमुक वर्षे, एवढीच नोंद असते. पासपोर्ट करताना दिवस आणि महिना भरावाच लागतो, म्हणून १ जानेवारी लिहिली जाते. त्यातच अफगाण वर्ष नवरोझला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. उदाहरणार्थ, त्यांचे १३९० हे साल मार्च २०११ ते मार्च २०१२ असे पसरलेले आहे. रूपांतर करताना एखाद्या वर्षाचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे.

खबरदारी एकच घ्यावी. पासपोर्टवर जी तारीख असेल तीच शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या अर्जावर आणि पोलिसांकडील नोंदीत असू द्यावी. मुलाला खरा दिवस ठाऊक असला आणि तो आपण प्रेमाने दाखल्यावर ‘दुरुस्त’ केला, तर पुढे दोन तारखांचा मेळ घालताना त्याची वर्षे जातात. वाढदिवस मात्र खऱ्या दिवशी करायला कोणाची हरकत आहे!

७. अर्जात आडनावाचा रकाना आहे आणि मुलीला आडनावच नाही. काय लिहावे?

अनेक अफगाण व्यक्तींना आडनाव नसते; ओळख वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने पटते. आपल्या ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ या साच्यात तिला बसवण्यासाठी कोणी वडिलांचे नाव आडनाव म्हणून लिहितो, कोणी आजोबांचे लिहितो, आणि मग एकाच मुलीच्या तीन गुणपत्रिकांवर तीन नावे येतात. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. रकाना रिकामा सुटत नसेल तर काय भरले आहे याची नोंद मुलीजवळ लेखी ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तेच भरावे. तारखेविषयीची प्रश्न ६ मधील खबरदारी येथेही लागू होते.

हाक मारताना उच्चार तिलाच विचारून घ्यावा. ‘सोपे नाव’ ठेवण्याची आपली सवय मायेपोटी असली, तरी जिचे घर, शाळा आणि शहर मागे राहिले, तिच्याकडे स्वतःचे म्हणून नाव तरी उरलेले असते.

८. त्यांना मराठी शिकवावी, की हिंदी-इंग्रजी पुरेशी आहे?

महाविद्यालयात इंग्रजी लागते आणि हिंदी बरीच मुले थोडीफार बोलतात. तरीही आम्ही मराठी शिकवतो, कारण पोलीस चौकी, ससूनचा केसपेपर, शाळेची सूचना आणि शेजारच्या आजी या सगळ्यांची भाषा मराठी आहे. शिवाय राज्यातील शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० पासून आहे, त्यामुळे शाळकरी मुलाला ती चुकत नाही.

दरी, म्हणजे अफगाणिस्तानातील फारसी, बोलणाऱ्या मुलांसाठी पहिला धडा आम्ही त्यांच्याच शब्दांनी सुरू करतो. दुकान, बाजार, शहर, दरवाजा, कागद, गरम हे शब्द त्यांना ओळखीचे वाटतात. ‘दफ्तर’ त्यांच्याकडे कचेरी किंवा वही, आपल्याकडे ते दप्तर होऊन मुलांच्या पाठीवर बसले. त्यांचा ‘हफ्ता’ आठवड्याचा, आपला हप्ता कर्जाचा. शनिवारवाड्यासमोर उभे राहून ‘पेशवा’ हा शब्दच फारसी आहे, पुढे चालणारा असा त्याचा अर्थ आहे, हे कळल्यावर एका मुलाने तो तीनदा म्हणून पाहिला होता. आपण अगदीच परक्या मुलखात आलेलो नाही, ही जाणीव व्याकरणाच्या कोणत्याही नियमापेक्षा लवकर काम करते.

अवघड काय जाते, तेही शिक्षकांनी लक्षात घ्यावे. दरीत व्याकरणिक लिंग नाही; ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी एकच सर्वनाम आहे. मराठीतील तीन लिंगे त्यांना फार छळतात. ‘ळ’ आणि ‘ण’ जिभेवर यायला महिने लागतात. मुलगा शिक्षिकेला ‘तो बाई’ म्हणाला तर त्यात अनादर नाही. पश्तो बोलणाऱ्यांना ‘ण’ तुलनेने सोपा जातो, कारण त्यांच्या भाषेत मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून उच्चारायचे, ध्वनी आहेत.

९. आम्ही इतके करतो, पण तो गप्पच असतो. चहासुद्धा नको म्हणतो. आमचे काही चुकते का?

चहाचे उत्तर सोपे आहे. त्याच्या घरी पहिल्यांदा विचारल्यावर लगेच ‘हो’ म्हणणे असभ्य समजतात. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा असतो. आपल्याकडील ‘नको, आताच घेतला’ यासारखेच ते आहे. दोनदा-तीनदा विचारावे.

गप्प राहणे ही अधिक गंभीर गोष्ट आहे. त्यामागे कृतघ्नता जवळजवळ कधीच नसते. घरचा दूरध्वनी चार दिवस लागलेला नसतो. व्हिसाची मुदत आठवड्यावर आलेली असते. धाकटी बहीण तेथे घरात बसून आहे आणि आपण येथे वर्गात आहोत, याची टोचणी असते. यातील एकही गोष्ट तो पाहुण्यासारखा बसलेला असताना सांगू शकत नाही. त्याला बोलते करण्यापेक्षा ठरावीक वारी, ठरावीक वेळी भेटत राहावे. बुधवारी पाच वाजता येतो म्हटले की बुधवारी पाच वाजता यावे. ज्याच्या आयुष्यात पुढच्या महिन्याचे काही ठरलेले नाही, त्याला हे आपल्याला वाटते त्याहून फार मोठे असते.

झोप न लागणे, जेवण तुटणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे दिसले, तर मात्र थांबू नये. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठी, हिंदी व इंग्रजीत बोलता येते. मुलाला भाषेचा संकोच असेल तर त्याच्या शेजारी बसून दूरध्वनी लावावा.

१०. त्याच्याबरोबरचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले तर चालेल का?

त्याला विचारल्याशिवाय मुळीच नाही, आणि तो भिडेपोटी ‘हो’ म्हणाला तरी शक्यतो नाही. त्याचे आईवडील किंवा भावंडे अजून तेथेच असतात. नाव, चेहरा, महाविद्यालय आणि ‘तालिबानपासून पळालेला’ असे वर्णन एकत्र आले की त्यांना शोधणे अवघड राहत नाही. शाळेच्या वार्षिक अंकात किंवा गणेशोत्सव मंडळाच्या फलकावरही हीच काळजी घ्यावी. ‘कसा पळालास?’ हा प्रश्नही मुलाने स्वतः विषय काढेपर्यंत विचारू नये. दिल्लीच्या मुलाखतीत तीच कहाणी त्याला तपशीलवार सांगावी लागलेली असते.

११. दिवाळीत तो घराबाहेर पडत नाही. सणात कसे सामील करून घ्यावे?

फटाक्यांचा आवाज स्फोटांच्या शहरात वाढलेल्या मुलाला उत्सवाचा वाटत नाही. कारण ठाऊक असूनही शरीर दचकतेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला गच्चीवर बोलावण्यापेक्षा फराळाला सकाळी बोलवावे आणि रात्री सर्वांत जास्त आवाज कधी होतो ते आधी सांगून ठेवावे. विसर्जन मिरवणुकीतील ढोल-ताशाही काहींना जड जातो, काहींना फार आवडतो. ते त्यांच्यावर सोडावे.

१२. तो शिकता शिकता माझ्या दुकानात काम करू शकतो का?

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. आपण सद्भावनेने दिलेले काम त्याच्या मुदतवाढीच्या आड येऊ शकते. निर्वासित म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार त्यांना खासगी क्षेत्रात काम करता येते आणि शिक्षणही घेता येते. मदत करायची असेल तर शुल्क थेट महाविद्यालयात भरावे.

१३. पासपोर्टची मुदत संपत आली आहे. नवा का काढत नाही?

व्हिसा वाढवण्यासाठी वैध पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्ट देणारे सरकार तेच, ज्याच्या भीतीने घर सोडले. दिल्लीतील अफगाण दूतावासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले काम बंद झाल्याचे जाहीर केले. मुंबईतील वाणिज्य दूतावास सुरू राहिला, पण तेथे २०२४ पासून तालिबानने नेमलेला प्रतिनिधी आहे. तेथे गेल्यास आपले नाव, पत्ता आणि घरच्यांची माहिती त्यांच्या हाती जाईल, ही भीती मुलांना वाटते. शिवाय ज्या सरकारपासून संरक्षण मागितले, त्याच्याच दारी स्वतःहून गेल्याचा अर्थ आश्रयाच्या अर्जात उलटाही लावला जाऊ शकतो.

न जावे तर व्हिसा संपतो. मुदतीपलीकडे राहिल्यास २०२५ च्या कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या कात्रीतून सुटण्याचा सरसकट मार्ग नाही. पासपोर्टची मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी वकिलाला भेटणे, पोलीस आयुक्तालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागाशी लेखी संपर्क ठेवणे आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवणे, एवढे तरी करावेच. ‘काढून टाक ना एक पासपोर्ट’ असा सल्ला मात्र कोणी देऊ नये.

१४. इतकी वर्षे राहिल्यावर त्याला भारताचे नागरिकत्व मिळणार नाही का?

नागरिकत्व (सुधारणा) कायदा, २०१९ आणि मार्च २०२४ मध्ये आलेले त्याचे नियम अफगाणिस्तान, पाकिस्तान व बांगलादेश येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी आहेत, आणि तेही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांसाठी. २०२१ नंतर आलेला काबूलचा शीख मुलगासुद्धा त्यात बसत नाही. इतरांसाठी देशीकरणाचा, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागण्याचा, सामान्य मार्ग आहे. त्यात ढोबळमानाने बारा वर्षांचे वैध वास्तव्य लागते. ‘वैध’ हा शब्द येथे निर्णायक आहे. त्यामुळे मधली एखादी मुदत चुकली तर काय होते, हे प्रश्न १३ वरून लक्षात येईल.

१५. आपल्या भागात असे लोक पूर्वी कधी आले होते का?

आले होते, आणि रुजलेही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची पिंपरी कॅम्पातील वस्ती आज शहराच्या बाजारपेठेचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले; त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती, आणि मुलांसाठी तेथे शाळाही होत्या. पुण्यात डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिंबायोसिस सुरू केली, तिचे मूळ फर्ग्युसनच्या वसतिगृहात आजारी पडलेल्या एका परदेशी विद्यार्थ्यात आहे. एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देताना त्यांनी पाहिली होती.

१६. तो पुढे कॅनडाला किंवा युरोपात जाणारच असेल, तर येथे रुळण्याची धडपड कशाला?

कारण जाणे ठरलेले नसते. जगातील निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांचे तिसऱ्या देशात पुनर्वसन होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपला कार्यक्रम स्थगित केल्यावर अनेकांच्या तयार फायली थांबल्या. सामान बांधून दोन वर्षे बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्या काळात त्यांनी ना येथला अभ्यास केला, ना तेथला.

जाण्याची वेळ आलीच, तर निघण्यापूर्वी विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, सर्व सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद हातात घ्यावी. परदेशातून ही कागदपत्रे मागवणे फार जिकिरीचे होते. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल तर देश सोडण्याची परवानगी आधी घ्यावी लागते, नाहीतर विमानतळावरून परत फिरावे लागते. कागदांच्या छायाप्रतींचा एक संच पुण्यातील विश्वासू माणसाकडे ठेवावा. आमच्या खोलीतील कपाटात अशा अकरा फायली आहेत, आणि त्यांतील दोन गेल्या वर्षी कामी आल्या.